एका गोलाचे चार तुकडे

६ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले, एकदा दूध उतू गेलं म्हणून आणि दोनदा काहीच कारण नसताना. तू माझं नाव भिंगरी ठेवलंस ते काही उगाच नाही.

तिसरीला अपूर्णांक सुरू केलेत. तुला वाटेल, अर्धा आणि पाव, त्यात शिकवायचंय काय? मलाही तसंच वाटलं होतं. पोरांना सव्वा नऊ कळतात, दीड तास कळतो. पण सोमवारी मी एक सफरचंद कापून दोघांना दिलं आणि विचारलं, प्रत्येकाला किती मिळालं? एक म्हणाला, "मला छोटा अर्धा, तिला मोठा अर्धा." बत्तीस पोरांपैकी एकतीस जणांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मग फळ्यावर एक छेद चार आणि एक छेद आठ लिहून विचारलं, मोठं कोणतं? सगळे एका सुरात म्हणाले, आठवालं. आठ चारापेक्षा मोठे ना.

बत्तिसावी म्हणजे आमची पणबाई. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय. सफरचंद बघून ती म्हणाली, "पण बाई, मोठा असेल तर तो अर्धा कसा?" मला तिचं कौतुक वाटलं आणि धास्तीही वाटली. तिच्यापुढे माझी एकही चूक खपत नाही.

२८ तारखेला मोठ्या बाई माझा तास बघायला येणार आहेत. मला कायम करायचं की वर्ष संपलं की निरोप द्यायचा, ते त्यावर ठरेल. खरं सांगू, मला दोन्हीची भीती वाटते. सात महिने झाले, बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच आहे. कपडे तिच्यातूनच काढते आणि धुऊन तिच्यातच ठेवते.

तुझ्याकडे एक काम आहे. मी पोरांना कागदाचे गोल देते, ते अर्ध्या तासात चुरगळतात. जाड कापडाचे करून देशील? आठ गट आहेत. प्रत्येक गटाला ताटलीएवढा एक पूर्ण गोल आणि वेगळे चार पाव. पाव गोलावर ठेवले की नेमके बसले पाहिजेत, ना कमी ना जास्त.

तुझी,
भिंगरी

ता. क. तुझ्या ओळी हल्ली उजवीकडे उतरतात. शिलाईच्या मशीनवर कागद ठेवून लिहितेस का?


१४ जानेवारी

भिंगरे,

ओळी उतरतात, कारण टेबलाचा एक पाय आखूड झालाय. सुतार येईन येईन म्हणतो आणि येत नाही.

तुझं काम घेतलं. नाट्यगृहाचे पडदे शिवले होते, त्यातलं निळं कापड उरलंय. जाड आहे आणि त्याचे धागे सुटत नाहीत. पुठ्ठ्याचे दोन साचे केलेत, एक गोलाचा, एक पावाचा. चार थर एकावर एक ठेवायचे, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. गणवेशाच्या शेकड्याने कॉलर मी अशाच कापते, त्यापुढे तुझे बत्तीस पाव म्हणजे एका दुपारचा खेळ.

मोठा अर्धा वाचून हसू आलं. तू सहा वर्षांची माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा तूही मोठा अर्धाच मागायचीस आणि मी द्यायचे. पोरांच्या शिकण्यात घोळ होतो तो माझ्यासारख्या आत्यांमुळे, असं मोठ्या बाईंना सांग.

इथे सगळं ठीक. शेजारची इस्त्रीवाली रोज दुपारी येऊन बसते. सुया तीच ओवून ठेवते, एकदम वीस. तिला गप्पांना तेवढंच निमित्त.

आता बॅगेचं. ती रिकामी कर असं मी म्हणत नाही, पण वर्ष पुरं कर. तू नर्सिंग सोडलंस, मग ते विम्याचं ऑफिस सोडलंस. नर्सिंगच्या वेळी माझं मनगट मोडलं होतं. तू मला सांभाळायला आलीस आणि परत गेलीच नाहीस. मनगट दीड महिन्यात जुळलं, कॉलेज मात्र सुटलं ते सुटलंच. मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते. शाळा सोडायचीच असेल तर तुला ती आवडत नाही म्हणून सोड. मी चकार शब्द काढणार नाही. पण या वेळी कुणाचं निमित्त करू नकोस.

आत्या


२८ जानेवारी

आत्या,

पार्सल काल संध्याकाळी आलं. उघडलं, दोरीने बांधलेले आठ निळे गठ्ठे बघितले आणि झाकून ठेवले. लावून बघितले नाहीत. तू कापलेलं तपासायचं असतं, हे मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं.

आज मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. बाक तिसरीतल्या पोरांच्या मापाचा, त्यांचे गुडघे वर आलेले, मांडीवर वही. मी फळ्यावर लिहिलं, चार पाव मिळून एक. म्हटलं, ठेवून बघा. तीन पाव बसले आणि चौथा मावेना. एका गटाचा नाही, आठही गटांचा. पोरं दाबायला लागली. एकजण तर त्यावर चढून बसला. दुसरा म्हणाला, "बाई, आमचे पाव सुजलेत." मी म्हटलं, नीट ठेवा. परत म्हटलं, नीट ठेवा. शेवटी पणबाई उभी राहिली आणि म्हणाली, "पण बाई, चूक फळ्यावर आहे की कापडात?"

मी गठ्ठे गोळा केले आणि उरलेला वेळ पाढे म्हणून घेतले. अपूर्णांकाच्या तासाला पाढे. मोठ्या बाई वहीत लिहीत राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या भेटा."

तू शिलाईसाठी कडेने जास्तीचं कापड सोडलंस, आत्या. तुमच्या भाषेत माया. मला बघताक्षणी कळलं. पण हे तुकडे कुणी शिवणार नव्हतं गं. मी स्पष्ट लिहिलं होतं, नेमके बसले पाहिजेत. तेवढं एक वाक्य तू नीट वाचलं नाहीस आणि वर्गापुढे तोंडघशी पडले ती मी.

राजीनामा लिहिलाय. पाकिटात आहे, अजून दिलेला नाही. खिडकीपासून दारापर्यंत माझी सात पावलं होतात. आज किती वेळा मोजली ते विचारू नकोस.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरे,

चूक माझी. सवयीने माया राहिली. तू म्हणतेस तसंच, वाक्य नीट वाचलं नाही. नवे तुकडे करून देईन, पण लगेच नाही, हातात कामं आहेत.

राजीनामा फाड. माझ्या चुकीपायी तुझी नोकरी गेली तर मला अन्न गोड लागणार नाही.

आत्या


१० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं आणि मग जेवताना घास हातातच राहिला. तू चूक कबूल केलीस, तीही पहिल्याच फटक्यात. पडद्यांची उंची चुकली म्हणणाऱ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला तू शिडीवर चढवून मोजायला लावलं होतंस. ती तू, सहा ओळींत शरण?

पण आधी शाळेचं सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं. मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलीने इतका चांगला प्रश्न विचारला आणि तुम्ही तुकडे उचलून टाकलेत? त्याच तुकड्यांवर परत तास घ्या. मी परत येईन." काल तो झाला. मी पाठाचं टाचण काढलंच नाही. तुकडे वाटले आणि म्हटलं, हे माझ्या आत्याने कापलेत, यांत काहीतरी चुकलंय, मलाही माहीत नाही काय ते. शोधून द्या.

अर्धा तास वर्गात कुणी कुणाची खोडी काढली नाही. पोरांनी पाव एकमेकांवर ठेवले, मग गोलाची चार पदरी घडी घालून तिच्यावर ठेवले. गोल कड बरोबर निघाली. एक सरळ कडही बरोबर. दुसरी सरळ कड तेवढी चुकलेली, टोकाशी नेमकी आणि पुढे पुढे बाहेर गेलेली. बत्तीसच्या बत्तीस पावांची तीच कड.

पणबाईने आधी तुझी हजेरी घेतली. "पण बाई, त्यांनी एकच गोल घेऊन त्याचेच चार का नाही केले? मग वाकडे कापले असते तरी मिळून एकच झाला असता." मोठ्या बाईंचं लिहिणं थांबलं. जी गोष्ट मला महिनाभर समजावता आली नव्हती, की पाव हा कुठल्यातरी एका पूर्णाचा असतो, ती या पोरीने एका वाक्यात सांगितली. मी खूश होऊन फळ्याकडे वळले तर मागून परत आवाज, "पण बाई, कात्री दर वेळी त्याच बाजूला का गेली? त्यांना रेघ दिसत नव्हती का?"

मी एक पाव उचलला आणि त्या चुकलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

शिलाईची माया सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते, आत्या. तुझ्या मांडीशी बसून मोठी झालेय, एवढं मला कळतं. ही माया नाही. घरी येऊन तुझी गेल्या वर्षभरातली पत्रं पलंगावर मांडली. सप्टेंबरपासून ओळी उतरतायत. नोव्हेंबरपासून अक्षर मोठं झालंय. आणि सुया इस्त्रीवाली ओवते. आयुष्यात तू कुणाला तुझ्या सुईला हात लावू दिलेला नाहीस.

मला खरं सांग. कुठला डोळा? किती दिसतं? दुपारपासून तीनदा बॅग बाहेर ओढली आणि तीनदा आत ढकलली. फोन करणार होते, पण फोनवर तू "ठीक आहे" म्हणून ठेवून देशील. लिहून सांग. कागदावर तुला खोटं नीट जमत नाही.

भिंगरी


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

डावा. त्याने आता काही दिसत नाही. खिडकी उघडी आहे की बंद एवढं कळतं, बस.

काचबिंदू म्हणतात त्याला. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि दुखत काहीच नाही, म्हणून मला पत्ता लागला नाही. ऑगस्टमध्ये एका बाईंच्या ब्लाउजला दोन डाव्या बाह्या लावल्या तेव्हा पहिल्यांदा चरकले. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उजव्यातही दाब चढलाय, थेंबांनी उतरत नाही, ऑपरेशन केलं तर तो वाचेल. लवकर करा म्हणाले. त्याला तीन महिने झाले.

एका डोळ्याने कात्री नेमकी कुठे टेकते ते कळत नाही. रेघेच्या आत गेली तर तुकडा फुकट, म्हणून हात आपोआप बाहेर सरकतो. गोल कड साच्याला बोट लावून कापली, एक सरळ कड कापडाच्या काठाचीच होती. उरलेल्या एका सरळ रेघेला कसलं बोट लावायचं, असा माज केला, तो अंगाशी आला. तू मायेचं लिहिलंस तेव्हा मला आयतीच पळवाट मिळाली. सवय म्हणाले आणि सुटले, असं वाटलं. आठ वर्षांच्या पोरीने मला पकडलं.

का नाही सांगितलं, ते आता स्पष्टच लिहिते, राग आला तरी चालेल. मनगट मोडलं तेव्हा तू दारात बॅग घेऊन उभी होतीस, आणि तुझ्या तोंडावर काळजी होती तशी सुटकाही होती. मी ती बघितली. तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते. या वेळी डोळ्याचं कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आली असतीस. सगळ्यांनी तुला शाबासकी दिली असती आणि तुझं आणखी एक काम अर्धवट सुटलं असतं. ते माझ्या नावावर नको होतं मला. म्हणून म्हटलं, एप्रिलपर्यंत थांबू, तू कायम झालीस की सांगू.

आणि भीती वाटते गं. ऑपरेशनची नाही. ते बिघडलं तर मी काय करायचं? शिवणाशिवाय मला दुसरं काही येत नाही. रोज सकाळी उठून आधी उजव्या डोळ्याने घड्याळ बघते, आकडे जागेवर आहेत ना म्हणून.

येऊ नकोस असं लिहिणार होते. लिहवत नाही. पण ती बॅग घेऊन येऊ नकोस.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

तीन महिने. मला तुझा इतका राग आलाय की काल फळ्यावर चुकीची तारीख लिहिली आणि पणबाईने सुधारली.

त्या सुटकेचं तू लिहिलंस ते खरं आहे. मला वाटत होतं कुणी बघितलं नाही.

आज राजीनाम्याचं पाकीट घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. खरंच देणार होते, दारापर्यंत. त्यांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, चार दिवसांची रजा हवी आहे, आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्या म्हणाल्या, "अर्ज?" मी पाकीट उलटं केलं आणि त्याच्याच पाठीवर अर्ज लिहिला. त्यांनी सही केली, पाकीट फोडलं नाही. मग म्हणाल्या, "निळे तुकडे ज्यांनी कापले त्याच का?" मी मान हलवली. आतापर्यंत मी त्यांना ऑफिसात कधी कुणासाठी खुर्ची सोडून उठताना बघितलं नव्हतं, आज दारापर्यंत सोडायला आल्या.

डॉक्टरांशी मी बोलले आहे. ऑपरेशन सत्तावीस तारखेला. मी आदल्या दिवशी येते. परतीचं तिकीट काढलंय, ते पहिल्यांदा काढलं आणि येण्याचं नंतर. हातपिशवी घेऊन येतेय.

भिंगरी


२० मार्च

भिंगरे,

हे पत्र जाड रेघांच्या वहीत लिहितेय, पहिलीतल्या पोरांच्या. ओळी उतरल्या तर वहीला विचार.

काल डॉक्टरांनी परत तपासलं. उजव्यातला दाब खाली आलाय. जेवढं दिसत होतं तेवढं राहणार, जास्त नाही, पण कमीही नाही. घड्याळाचे आकडे जागेवर आहेत. थेंब चार वेळा घालायचे, इस्त्रीवाली घालते आणि दर वेळी दोन थेंब गालावर सांडते.

तू पाचव्या दिवशी सकाळी निघालीस, तेव्हा मी दारात मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "जा, उशीर होईल." आता खरं सांगते. गाडी वळेपर्यंत मनात एकच चाललं होतं, हिने उतरावं आणि म्हणावं, राहते. तुला चार पानं उपदेश करणारी मी. तू उतरली नाहीस. दार लावून मी रडले, आणि मग मला इतका अभिमान वाटला की इस्त्रीवालीला हाक मारून सांगितलं, गेली बघ.

सोबत एक पुडी आहे. तुझ्या पणबाईचं ऐकलं. साचा ठेवला बाजूला. एकच गोल घेतला, मधोमध घडी घातली, परत एक घडी, वरून इस्त्री फिरवली आणि घडीत बोट घालून कापत गेले. घडी बोटाला लागते, तिला डोळा लागत नाही. चाळीस वर्षं कापड कापतेय आणि हे मला तिसरीच्या वर्गाने शिकवलं. आता मोठ्या कापडालाही तसंच करते. वेळ दुप्पट लागतो, पण कात्री बाहेर जात नाही.

एकच गोल केलाय. त्यांना तपासायला दे आणि जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव. माझी समजूत काढू नकोस.

आत्या


२९ मार्च

आत्या,

जसंच्या तसं कळवते.

पुडी मी उघडली नाही, थेट पणबाईच्या हातात दिली. म्हटलं, ज्यांनी आधीचे कापले त्यांनीच हे कापलंय, तपास. तिने बाक पुसला. चारही पाव एकावर एक ठेवून कडांवरून नख फिरवलं. मग ते शेजारी शेजारी मांडले. सगळा वर्ग तिच्या डोक्यावर ओणवा. गोल झाला. फट नाही, चढ नाही. ती बराच वेळ काहीतरी शोधत राहिली, आणि मी बाकाची कड धरून उभी, जणू परीक्षा माझी आहे. शेवटी म्हणाली, "पण बाई, आता त्यांना याचे आठ करायला सांगा." हा तिचा निकाल.

आधीचे निळे तुकडे पोरं परत द्यायला तयार नाहीत. वर्गात आता मोठा अर्धा कुणी म्हणत नाही. वाट्यापेक्षा जास्त कुणी घेतलं की ओरडतात, "बाई, याने आत्याचा पाव घेतला." काल एक छेद चार मोठं की एक छेद आठ, असं परत विचारलं. चौघंजण सोडून सगळ्यांनी बरोबर सांगितलं. त्या चौघांचं सोमवारी बघते. त्यांच्यासाठी वेगळं काय करता येईल ते डोक्यात घोळतंय, म्हणून आज पत्र लिहिताना दोनदाच उठले.

मोठ्या बाईंनी काल बोलावून कागद दिला. मी कायम झाले. कागदाबरोबर ते जुनं पाकीटही परत दिलं, पाठीवर माझा रजेचा अर्ज, आत राजीनामा, तसंच बंद. म्हणाल्या, "हे तुमच्याकडे ठेवा किंवा फाडा, मला काय." मी तिथेच फाडलं.

घरी आले आणि पलंगाखालची बॅग ओढली. या वेळी ढकलायची नव्हती. सगळे कपडे काढून कपाटात लावले. तळाशी तुझा एक जुना रुमाल निघाला, नर्सिंगला जाताना तू शिवून दिलेला, घडी न मोडलेला. बॅग झटकून कपाटावर टाकली. मग पलंगावर बसले, आणि बसूनच राहिले. उठावंसं वाटलं नाही.

सुट्टी पाच मेला लागते. महिनाभर तुझ्याकडे आहे, थेंब मी घालीन, इस्त्रीवालीला सांग. येताना हातपिशवीच आणीन. बॅग इथेच राहील.

तुझी,
भिंगरी